ली मी-जा ऐकलीत का?

सध्या भेटेल त्याला मी एकच प्रश्न विचारते आहे, ली मी-जा ऐकलीत का? समोरच्याने "कोण बाई ह्या?" असं विचारलं की मला आनंदच होतो, कारण मग सगळं पहिल्यापासून सांगायला मिळतं. आज तेच करणार आहे. वाचकहो, जरा वेळ काढून बसा, सांगण्यासारखं फार आहे.

कोरियात ट्रॉट नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे. फॉक्सट्रॉट या पाश्चात्त्य नाचाच्या ठेक्यावरून हे नाव पडलं. ठेका सरळसोट, दोन मात्रांचा, तोंडाने 'प्पोंग-च्चाक, प्पोंग-च्चाक' म्हणत मांडीवर ताल धरता येईल असा. म्हणून या गाण्यांना प्पोंगच्चाक असंच म्हणायची तिथे रीत पडली, आणि त्या म्हणण्यात हेटाळणी असते. हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं, ट्रक ड्रायव्हरांचं, बाजारात बसणाऱ्या बायकांचं गाणं, असं म्हणत शिकलेसवरलेले लोक नाक मुरडत. 1980च्या दशकात हमरस्त्यांवरच्या थांब्यांवर याच गाण्यांच्या कॅसेटी ढिगाने विकल्या जात. पण आता सुरांकडे बघा. ट्रॉटच्या उदास चालींमध्ये मध्यम आणि निषाद बहुधा नसतातच. सा, रे, कोमल गंधार, पंचम, कोमल धैवत, बस्स! घरात हार्मोनियम असेल तर काढा आणि वाजवून बघा. शिवरंजनीत धैवत कोमल केला की हेच पाच सूर हाती येतात. आणि आनंदी चाली? त्यांचे सूर थेट भूपाचे. हे लक्षात आलं तेव्हा मी उठून उभीच राहिले. एक शब्द कळत नसताना हे गाणं पहिल्या ओळीतच काळजाला हात कसं घालतं, याचा निदान अर्धा उलगडा तिथे झाला.

उरलेला अर्धा म्हणजे ली मी-जांचा आवाज.

ट्रॉट गाताना ओळीच्या शेवटी आवाज मोडायचा, वळवायचा, थरथरवायचा अशी पद्धत आहे. ट्रॉटचा सगळा जीव त्या मोडण्यात. गायकाची परीक्षाही तिथेच होते, आणि नेमक्या त्याच जागी पुष्कळांचा तोल जातो. एवढा हुंदका काढतात की गाणं बाजूला राहतं आणि हुंदकाच ऐकू येतो. ली मी-जा असं कधी करत नाहीत. त्यांचा स्वर स्वच्छ लागतो, किंचित अनुनासिक, सुरुवातीला जवळजवळ सपाट. तो तसाच स्थिर धरलेला असतो. सोडायच्या अगदी आधी बारीकशी थरथर येते, मुरकीएवढीच, आणि ओळ संपते. श्वास कुठे घेतला ते कळत नाही. रंगमंचावरही तोच कायदा. माइक धरून सरळ उभ्या राहत, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर नाटक नाही. कोरियात त्यांना एलेजीची, म्हणजे शोकगीतांची राणी म्हणतात. या नावाचा त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट 1967 सालीच निघाला, तेव्हा त्या अवघ्या पंचविशीत होत्या. माझं ठाम मत सांगते, ते राणीपद त्यांनी रडू आवरून मिळवलं आहे. ऐकणाऱ्याला रडायला त्या जागा मोकळी ठेवतात.

जन्म 1941चा, सोलचा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. मी-जा अगदी लहान असताना वडिलांना सक्तीच्या कामासाठी जपानला नेलं गेलं, आईचीही ताटातूट झाली, आणि पोर आजीकडे वाढली. तीन वर्षांची असताना देश स्वतंत्र झाला, आठ वर्षांची असताना कोरियन युद्ध पेटलं आणि लाखो कुटुंबांसारखी तीही दक्षिणेकडे बुसानला गेली. या सगळ्यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण त्या स्वतः याचं भांडवल करत नाहीत, मीही करत नाही. गाण्याच्या स्पर्धा ती शाळकरी वयापासून जिंकत होती. 1950च्या दशकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीवर, म्हणजे त्या काळी सोलमधल्या मूठभर घरांत दिसणाऱ्या पडद्यावर, हौशी गायकांच्या स्पर्धेत ती पहिली आली आणि ना ह्वा-रांग या संगीतकाराच्या नजरेत भरली. 1959मध्ये त्यांनी तिच्याकडून पहिलं गाणं गाऊन घेतलं, एकोणिसाव्या वर्षातल्या निर्मळ प्रेमाचं. गाणारी तेव्हा सतरा वर्षांची होती. ते गाणं नाचरं आहे, खट्याळ आहे. शोकाची राणी आधी इतकी हसरी गायची हे ऐकून मला भरूनच आलं.

आणि बघा योगायोग कसा! त्याच 1959मध्ये गोल्डस्टार कंपनीने, आजच्या एलजीने, कोरियात बनलेला पहिला रेडिओ बाजारात आणला. ए-501 हे त्याचं नाव. पुढच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत रेडिओ पोचवायची मोहीमच निघाली. आवाज आणि तो वाहून नेणारं यंत्र एकाच वर्षी तयार झालं, आणि मग ज्या गावात कधी गायक गेला नसता तिथे ली मी-जा घराघरात गेल्या.

आता 1964. इथे मला थांबायचं आहे.

त्या वर्षी 'दोंगबेक आगास्सी' नावाचा एक चित्रपट आला. दोंगबेक म्हणजे कॅमेलियाचं फूल, आगास्सी म्हणजे तरुण मुलगी. बेटावरची एक मुलगी, सोलहून आलेला विद्यार्थी, प्रेम, आणि त्याचं परत निघून जाणं. चित्रपटाच्या शीर्षकगीताचे शब्द हान सान-दो यांचे, चाल बेक यंग-हो यांची. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ली मी-जा गरोदर होत्या, दिवस भरत आले होते, आणि उन्हाळा ऐन भरात होता. ज्या दीर्घ श्वासाचं मी इतकं कौतुक करते आहे तो त्या अवस्थेतला आहे! एवढं कळल्यावर ते गाणं पुन्हा ऐका. ओळ कुठेही तुटत नाही. कॅमेलिया कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ऐन थंडीत फुलतो, लालबुंद. त्याच्या पाकळ्या एकेक करून झडत नाहीत, अख्खं फूल देठापासून सुटून खाली पडतं आणि जमिनीवरही टवटवीत दिसतं. ली मी-जांची ओळ अशीच संपते, असं मला दर वेळी वाटतं.

गाणं देशभर गाजलं. रेकॉर्ड-प्लेअर असणारी घरं थोडी होती, तरी लाखभर रेकॉर्ड खपल्याचं सांगतात. आणि मग वर्षा-दीड वर्षात, 1965च्या अखेरीस, ते बंद झालं. रेडिओवर लावायचं नाही असा हुकूम निघाला. पुढे रेकॉर्ड विकण्यावरही बंदी आली. कारण काय दिलं, तर गाण्याला जपानी रंग आहे.

या बंदीबद्दल वाचताना माझं डोकं तापलं, पण मामला समजून घेण्यासारखा आहे. ट्रॉट वाढला तो जपानी राजवटीत, 1920-30च्या दशकांत, जपानी रेकॉर्ड कंपन्या सोलमध्ये दुकानं थाटून बसल्या तेव्हा. वर सांगितलेले पाच सूर जपानच्या एन्का गाण्यांतही आहेत. पण त्याच सुरांत 1935 साली ली नान-यंग या गायिकेने मोकपो बंदराच्या अश्रूंचं गाणं गायलं, आणि गुलामीतल्या कोरियन लोकांनी ते आपल्या दुःखाचं गाणं म्हणून उराशी धरलं. सूर कुठून आले आणि दुःख कुणाचं, हे दोन हिशेब वेगळे आहेत. आता 1965 बघा. अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने जूनमध्ये जपानशी संबंध पूर्ववत करण्याचा करार केला होता. त्याविरुद्ध वर्षभर आधीच विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, सोलमध्ये लष्करी कायदा लागला होता. जपानशी हातमिळवणी करणाऱ्या सरकारला आपण जपानधार्जिणे नाही हे दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि बंदी कशावर आली, तर बेटावरच्या मुलीच्या गाण्यावर! मोठ्यांच्या राजकारणात गाण्याचा बळी जातो तो असा. तेच गाणं अध्यक्ष पार्क यांनी आपल्या निवासस्थानी मेजवानीत ली मी-जांकडून म्हणून घेतलं, असंही कोरियात सांगतात.

एकाच गाण्यावर भागलं असतं तरी समजू शकले असते. 'बेटावरच्या गावातले मास्तर' हे दुसरं मोठं गाणं, पार्क चुन-सोक यांच्या चालीचं, रेडिओवरच्या मालिकेसाठी केलेलं. सोलहून आलेल्या तरुण मास्तरांवर जीव जडलेली मुलगी त्यांना परत जाऊ नका म्हणते आहे. त्यावर चाल उचलल्याचा ठपका आला, बंदी. तिसरं रानहंस-बापाचं गाणं, 1969च्या सुमाराचं. ते फारच दुःखी आहे म्हणून बंदी. फारच दुःखी! देश कारखाने उभारतो आहे, निर्यात वाढवतो आहे, अशा वेळी लोकांनी उदास होऊ नये अशी सरकारची इच्छा. आपली सर्वांत लाडकी तिन्ही गाणी अशी हिरावली गेली हे ली मी-जांनी मुलाखतींतून पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं आहे.

मला मात्र या गाण्यांत त्या कारखान्यांच्या काळाची खरी हकीकत ऐकू येते. 1960च्या दशकात खेड्यांतल्या कोवळ्या मुली रेल्वेत बसून सोलला येत होत्या. शहराच्या कडेला गुरोची औद्योगिक वसाहत उभी राहिली होती, तिथे त्या कपडे शिवत, केसांचे टोप विणत, आणि पगारातून धाकट्या भावाच्या शिक्षणाचे पैसे गावी पाठवत. आता गाणी आठवा. बेटावर उभी असलेली मुलगी, आणि समुद्रापलीकडे सोल, माणसं गिळणारं. 1966चं 'हुक्सान्दोची मुलगी' हे गाणंही तेच सांगतं. हुक्सान्दो हे मोकपोच्याही पलीकडचं, नैऋत्येच्या समुद्रातलं दूरचं बेट. आज तिथे डोंगरावर त्या गाण्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. बेटावर राहिलेल्या मुलींनी आणि बेट सोडून आलेल्या मुलींनी, दोघींनी हा आवाज आपला मानला. मग रेडिओवर लावा नाहीतर लावू नका, ते गाणं कुठे जाणार होतं? कामावर गुणगुणलं गेलं, दारूच्या अड्ड्यांवर चॉपस्टिकांनी टेबलावर ठेका धरून म्हटलं गेलं, आयांनी पोरं निजवताना म्हटलं. 1987च्या जूनमध्ये लोक लोकशाहीसाठी रस्त्यावर आले, राजवट नमली, आणि त्याच वर्षी 'दोंगबेक आगास्सी'वरची बंदी उठली. बावीस वर्षं! आणि लोकांना शब्द न् शब्द पाठ होता.

मधल्या काळात बाई काही बसून नव्हत्या. पार्क चुन-सोक यांच्याबरोबर त्यांनी शेकडो गाणी केली. 1970 आणि 1972मधल्या 'आस्सी' आणि 'यरो' या दूरचित्रवाणी मालिकांची शीर्षकगीतं त्यांचीच. या मालिका लागल्या की रस्ते ओस पडत. 1990पर्यंत 560 ध्वनिमुद्रिका आणि 2,069 गाणी अशी नोंद गिनेसच्या कोरियन यादीत झाली.

त्या कुठे कुठे जाऊन गायल्या, तेही सांगितलंच पाहिजे. व्हिएतनामच्या युद्धात दक्षिण कोरियाने तीन लाखांहून अधिक सैनिक पाठवले, बहुतेक खेड्यांतली गरीब पोरं. ली मी-जा तिथे छावण्यांमध्ये जाऊन गायल्या. विशीतली बाई, परका देश, गरम दमट हवा, आणि समोर उद्या जिवंत असतील की नाही याची खात्री नसलेले तिच्याच वयाचे मुलगे. तिथे ही गाणी कशी ऐकली गेली असतील? दुसरीकडे, 1963पासून सुमारे 8 हजार कोरियन पुरुष पश्चिम जर्मनीत कोळशाच्या खाणीत उतरले, त्यांच्या मागोमाग 10 हजारांहून अधिक परिचारिका गेल्या. त्यांच्यातले कितीतरी तिथेच म्हातारे झाले. 2013मध्ये, त्या स्थलांतराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ली मी-जा फ्रँकफर्टला जाऊन त्यांच्यासाठी गायल्या. घरापासून लांब राहिलेल्या माणसाला या आवाजाची काय किंमत आहे, हे परगावी राहणाऱ्या कुणालाही वेगळं समजावून सांगायला नको.

आणि 2002मध्ये त्या प्याँगयांगला गेल्या! उत्तर कोरियाच्या राजधानीत, पूर्व प्याँगयांगच्या मोठ्या नाट्यगृहात, त्यांनी पूर्ण कार्यक्रम केला. चित्रफितीत प्रेक्षकांत सूट घातलेले पुरुष, पारंपरिक पोशाखातल्या बायका ताठ बसलेल्या दिसतात. मी ती फीत पाहताना त्यांच्या चेहऱ्यांवरच नजर ठेवून होते. दोन्ही बाजूंना हे जुने सूर ठाऊक आहेत, कारण ते देश तुटण्याच्या आधीचे आहेत. ली मी-जा इथेही तशाच उभ्या, सोलमध्ये उभ्या राहत तशा. गाण्याला एका शब्दाचंही वेगळं निमित्त जोडलं नाही. मला ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

मान मिळायला मात्र वेळ लागला. कारकिर्दीला तीस वर्षं झाली तेव्हा, 1989मध्ये, सोलच्या सेजोंग सेंटरमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरला. सेजोंग म्हणजे ऑपेराचं, सिंफनीचं घर. प्पोंगच्चाकवाली बाई तिथे उभी राहणार म्हणून कुरकुर झाली. कार्यक्रम झाला, आणि मग चाळिसावं, पन्नासावं, साठावं वर्ष त्यांनी त्याच रंगमंचावर साजरं केलं. 2023मध्ये सरकारने त्यांना कला-संस्कृतीसाठीचा सर्वोच्च, सुवर्णमुकुट दर्जाचा सन्मान दिला. लोकप्रिय संगीत गाणाऱ्याला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. ज्या सरकारी शिक्क्याने गाणी बंद केली होती त्याच शिक्क्याने मुकुट चढवला, तो यायला जवळजवळ साठ वर्षं लागली इतकंच.

2025च्या 26 आणि 27 एप्रिलला, वयाच्या 83व्या वर्षी, त्या सेजोंगमध्ये शेवटचं गायल्या. बरोबर जू ह्यन-मी होत्या, औषधनिर्माणशास्त्र शिकून दुकान चालवता चालवता गायिका झालेल्या आणि 1980च्या दशकात कॅसेटींनी घराघरात पोचलेल्या. चो हांग-जो होते. आणि किम योंग-बिन, जंग स-जू ही अगदी नवी मुलं होती, दूरचित्रवाणीच्या ट्रॉट स्पर्धांमधून वर आलेली. कारण गंमत अशी की ट्रॉट आज पुन्हा जोरात आहे. 2019चा 'मिस ट्रॉट', 2020चा 'मिस्टर ट्रॉट' या स्पर्धांनी कोरिया वेडा केला. 'मिस्टर ट्रॉट'च्या अंतिम फेरीच्या वेळी देशातल्या एक तृतीयांशाहून अधिक घरांत तोच कार्यक्रम चालू होता, आणि जिंकलेला लिम यंग-वुंग आज मोठमोठी मैदानं भरवतो. मला ही मुलं आवडतात, त्यांच्यात दम आहे. पण झगमगाट, धूर, परीक्षकांचे पाणावलेले डोळे, दर ओळीला टिपेचा सूर, हे सगळं पाहिल्यावर मी परत ली मी-जांकडे वळते आणि माझे कान निवतात. ज्यांना या मुलांचं गाणं खरोखर जोखायचं आहे त्यांनी आधी मूळ आवाज ऐकावा. त्या स्वतः आपल्या गाण्याला ट्रॉट न म्हणता पारंपरिक गीत म्हणणं पसंत करतात, आणि शेवटच्या कार्यक्रमात त्यांनी तीच परंपरा हातोहात पुढे सोपवली.

आता तुमच्यासाठी. कोरियन येत नाही म्हणून अडून राहू नका, शब्दांवाचून फारसं अडत नाही. इंटरनेटवर त्यांची शेकडो गाणी फुकट ऐकायला मिळतात. 1959चं एकोणिसाव्या वर्षाचं गाणं आधी लावा, म्हणजे त्यांचं हसणं ऐकाल. मग 'दोंगबेक आगास्सी'चं 1964मधलं मूळ ध्वनिमुद्रण, नंतरची नवी वाद्यवृंदवाली नको. ओळीचा शेवट नीट ऐका, तिथेच सगळं आहे. मग 'हुक्सान्दोची मुलगी'. शक्य असेल तर रात्री, इअरफोन लावून. आणि घरात कुणी जुनं भावगीत मन लावून ऐकणारं आजी-आजोबांच्या पिढीचं माणूस असेल, तर त्यांना जवळ बसवून ऐकवा. त्यांना काय वाटलं ते मला जरूर कळवा.